बेळगावातून बस ठरवून कोल्हापूर दर्शन: परमिटापासून परतीपर्यंत

महिला मंडळ असो, भजनी मंडळ असो की ज्येष्ठ नागरिक संघ, बेळगाव भागात चाळीस-पंचेचाळीस माणसं सहलीला जमली की कोल्हापूरचं नाव आधी निघतं. अंतर साधारण ११० किलोमीटर, रस्ता हायवेचा, अंबाबाईचं दर्शन, राजवाडा, दुपारचं जेवण आणि रात्रीच्या आत घरी. बेत सोपा वाटतो. तरीही अशा सहली बिघडतात, आणि त्या बहुतेक वेळा दोनच कारणांनी बिघडतात. एक तर गाडीकडे महाराष्ट्रात शिरण्याचे कागद नसतात. दुसरं, दिवसभराची ठिकाणं ठरवताना बसमधून उतरण्या-चढण्याचा वेळ कोणी धरलेलाच नसतो. नाश्ता बिघडला, एसी बंद पडला तर त्यातून मार्ग निघतो. या दोन गोष्टी मात्र एकदा निघाल्यावर सुधारत नाहीत, म्हणून त्यांचा विचार गाडी ठरवण्याआधीच व्हायला हवा.

वेळ कुठे जातो

मोठ्या बसला प्रवाशांसाठी एकच दार वापरात असतं. तरुण माणूस चार-पाच सेकंदांत उतरतो. साडी सावरत, पिशवी सांभाळत, दांड्याला धरून उतरणाऱ्या आजींना पंधरा-वीस सेकंद लागतात. ४५ जणांची बस रिकामी व्हायला ६ ते ८ मिनिटं जातात आणि भरायलाही तेवढीच. त्यात मोजणी आणि अजून चहाच्या टपरीवर असलेल्या दोघा-तिघांची वाट बघणं धरलं की प्रत्येक थांब्यामागे २५ मिनिटं नुसती बसपाशी खर्च होतात. सहा ठिकाणं ठरवलीत तर अडीच तास काहीही न बघता गेले.

स्वच्छतागृहाचंही असंच आहे. बसमध्ये २५ बायका असतील आणि हॉटेलात बायकांसाठी दोनच शौचालयं असतील, तर माणशी दोन मिनिटं धरून २५ मिनिटं लागतात. चार असतील तर बारा-तेरा मिनिटांत काम होतं. त्यामुळे सकाळच्या थांब्यासाठी हॉटेल निवडताना इडली कुठे चांगली मिळते यापेक्षा शौचालयं किती आहेत हे आधी विचारा. गाडी थांबली की बायकांनी आधी तिकडे जायचं, पुरुषांनी चहा-नाश्त्याची ऑर्डर द्यायची. एवढ्या वाटणीने दहा-पंधरा मिनिटं वाचतात.

यावरून एक नियम पक्का करा: एका दिवसात तीनच ठिकाणी बस थांबवायची. चौथं ठिकाण हवंच असेल तर ते आधीच्या ठिकाणापासून पायी जाण्यासारखं असावं. यादी लांब केली की शेवटची दोन ठिकाणं खिडकीतूनच दिसतात, आणि ज्यांनी त्यांच्यासाठी पैसे भरले ते नाराज होतात.

गाडी केवढी घ्यायची

१२ ते १७ माणसांना टेम्पो ट्रॅव्हलर, पंचवीस-तीस जणांना मिनी बस, त्यापुढे ४५ ते ४९ सीटची मोठी बस. मोठी बस १२ मीटरपर्यंत लांब असते. ती बेळगावच्या जुन्या गल्ल्यांत शिरत नाही आणि कोल्हापुरात महाद्वार रोडच्या आसपासही नाही. २८ माणसांसाठी ४५ सीटची बस घेऊ नका. मोकळ्या सीटचं भाडं सगळ्यांच्या माथी बसतं, आणि सीट रिकाम्या दिसल्या की शेवटच्या दिवशी पाहुण्यांची भर पडते.

सीटपेक्षा एकही माणूस जास्त घेऊ नका. "पोरगं मांडीवर बसेल" हे वाक्य दोन वर्षांच्या बाळापुरतं ठीक आहे. आठ वर्षांच्या मुलाला त्याची स्वतःची सीट हवी. गाडीत मंजूर संख्येपेक्षा जास्त माणसं असताना अपघात झाला तर नुकसानभरपाईच्या वेळी तोच मुद्दा आडवा येतो.

गाडी स्वतः जाऊन बघा. संकटकाळी बाहेर पडायचं दार आतून उघडून दाखवायला सांगा. अनेक गाड्यांत त्या दारापुढे जादा सीट किंवा सामान असतं, आणि मग ते दार असून नसल्यासारखं. काच फोडायची हातोडी जागेवर आहे का, आग विझवायचं नळकांडं मुदतीत आहे का, टायरची नक्षी घासून गुळगुळीत झाली आहे का, हे बघायला पाच मिनिटं पुरतात. मागच्या टायरमध्ये आतला टायरही वाकून बघा. घासलेला टायर बहुतेकदा आतल्याच बाजूला लावलेला असतो.

सीमा ओलांडायचे कागद

बेळगावची केए-२२ किंवा चिकोडीची केए-२३ पाटी असलेली गाडी कर्नाटकात सगळीकडे फिरते, म्हणून ती कागलच्या पुढेही चालेल असं गृहीत धरलं जातं. तसं नसतं. काही गाड्यांना फक्त कर्नाटकाचं परमिट असतं. अशा गाडीला महाराष्ट्रात जायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ८८(८) खाली त्या फेरीपुरतं विशेष परमिट काढावं लागतं आणि महाराष्ट्राचा करही भरावा लागतो. ज्या गाडीला ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे तिला हा खटाटोप नाही. म्हणून मालकाला "परमिट आहे का" असं विचारू नका, त्याला सगळे होच म्हणतात. "ऑल इंडिया टुरिस्ट आहे की कर्नाटकापुरतं" असं विचारा आणि परमिटाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. त्यावरची मुदत आणि गाडीचा नंबर दोन्ही वाचा.

पाटी पिवळी आणि अक्षरं काळी असली पाहिजेत. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेणं बेकायदा आहे, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते. शाळेची पिवळी बस स्वस्त पडते म्हणून रविवारी ती ठरवणारी मंडळं आहेत. तिचं परमिट शाळेच्या मुलांची ने-आण करण्यापुरतं असतं, त्यामुळे ती यात्रेला नेऊ नये.

एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की फिटनेस, विमा आणि पीयूसीची मुदत दिसते. हे दोनदा करा: गाडी ठरवताना आणि निघण्याच्या आदल्या रात्री. दुसऱ्यांदा अशासाठी, की लग्नसराईत ठरलेली गाडी दुसरीकडे पाठवून तुमच्याकडे भलतीच गाडी येते. नंबर बदलला असेल तर त्या नव्या नंबरचं परमिट पुन्हा मागा. सीमेवर तपासणीत गाडी अडली तर दंड मालक भरेल, पण ४५ माणसं उन्हात रस्त्याकडेला तुमच्याकडे बघत उभी राहतील.

प्रवाशांची यादीही कागदातच धरा. टुरिस्ट परमिटच्या गाडीत ती असावीच लागते. नाव, वय, फोन, कुठे चढणार आणि घरच्या एका माणसाचा नंबर, एवढे रकाने पुरे. तीन प्रती काढा: एक ड्रायव्हरकडे, एक प्रमुखाकडे, एक बेळगावात मागे राहणाऱ्या माणसाकडे. आणि अशी गाडी गटाने मिळून ठरवलेली असते, म्हणून संकेश्वरला हात दाखवणाऱ्या ओळखीच्या माणसाला वाटेत घ्यायचं नाही.

सरकारी बस करारावर घेता येते. वायव्य कर्नाटक परिवहनच्या आगारात अर्ज करावा लागतो, आणि दुसऱ्या राज्यात जायचं म्हटल्यावर आठ-दहा दिवस हाताशी ठेवावेत. कागदांची चिंता उरत नाही हा मोठा फायदा. वेळा कडक असतात आणि सीट साध्या असतात हा तोटा. ज्येष्ठांच्या किंवा शाळेच्या सहलीला आम्ही हीच सुचवू. मात्र महिला मंडळांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: कर्नाटकाच्या शक्ती योजनेचा बायकांसाठीचा मोफत प्रवास नेहमीच्या साध्या बसफेऱ्यांना आहे, करारावर घेतलेल्या बसला नाही. बायकांचंही पूर्ण भाडं धरूनच वर्गणी ठरवा.

भाड्याचं बोलणं

भाडं दोन प्रकारे सांगतात. एक ठोक, दुसरं किलोमीटरवर. किलोमीटरच्या दरात दिवसाला किमान अमुक किलोमीटर धरलेले असतात, मग गाडी तेवढी पळो वा न पळो. शिवाय मोजणी तुमच्या दारापासून होत नाही, मालकाच्या शेडपासून शेडपर्यंत होते. बेळगाव-कोल्हापूर जाऊन-येऊन २२०, गावातलं फिरणं, परतीच्या वाटेवरच्या कणेरी मठाचा फाटा आणि शेडचं अंतर धरून २६० ते २८० होतात. जोतिबा-पन्हाळा घेतलं तर ३०० ओलांडतात.

टोलनाके दोन आहेत, हत्तरगी आणि कोगनोळी, आणि दोन्ही जाताना-येताना लागतात. बसचा टोल कारच्या तिपटीहून जास्त असतो, आणि फास्टॅगमध्ये पैसे नसतील तर त्याहून जादा भरावा लागतो. टोल, पार्किंग, परमिट, ड्रायव्हरचा बाटा (दिवसाचा भत्ता) आणि जीएसटी या पाच गोष्टी भाड्यात आहेत की वेगळ्या, हे एकेक नाव घेऊन विचारा. "सगळं धरून" या शब्दांवर थांबलात तर भांडण परतीच्या रात्री होतं.

तोंडी बोलणं झालं तरी मालकाला असा मेसेज पाठवा आणि त्यावर त्याचं "कबूल" घ्या:

"गाडी नंबर …, ४५ सीट, पुशबॅक, एसी घाटातही चालू. तारीख …, सकाळी ५.४५ ला आरपीडी क्रॉस. मार्ग बेळगाव, कोल्हापूर, कणेरी, बेळगाव. भाडं ठोक …, ३०० किलोमीटरपर्यंत, पुढे किलोमीटरला …. टोल, पार्किंग, परमिट, कर, जीएसटी मालकाकडे. ड्रायव्हर दोन, बाटा भाड्यात. गाडी बदलल्यास आदल्या दिवशी नंबर आणि परमिट पाठवायचं. वाटेत बंद पडल्यास दोन तासांत दुसरी गाडी मालकाने द्यायची. अ‍ॅडव्हान्स …, बाकी उतरल्यावर."

अ‍ॅडव्हान्स भाड्याच्या पाव हिश्श्याहून फारसा जास्त देऊ नका.

वर्गणी ठरवताना सगळ्या सीटने भागू नका. समजा सगळा खर्च १८,००० रुपये येतोय. ४५ ने भागलं तर माणशी ४०० होतात. आदल्या दिवशी पाच जण गळाले की २,००० रुपयांचा खड्डा पडतो. म्हणून ४० ने भागून ४५० घ्या, आणि उरले तर परत द्या. नाव लिहिलं म्हणजे सीट पक्की, हे चालत नाही. पैसे आले तरच सीट पक्की.

ड्रायव्हर

या भागाकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि जिवाचा प्रश्न इथेच असतो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ ने घालून दिलेली मर्यादा आजही पाळावी: ड्रायव्हरचं काम दिवसाला ८ तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आणि विश्रांती धरूनही कामाचा सगळा पसारा १२ तासांच्या आत हवा. आता हिशोब करा. तुमच्याकडे पावणेसहाला यायचं तर तो शेडमधून सव्वापाचला निघतो. म्हणजे संध्याकाळी सव्वापाचला त्याचे बारा तास भरले. दर्शन, राजवाडा, जेवण आणि लगेच परत, एवढंच एका ड्रायव्हरमध्ये बसतं. कणेरी, रंकाळा, पन्हाळा यातलं काहीही वाढवायचं तर दुसरा ड्रायव्हर घ्या. त्याच्यासाठी माणशी वीस-पंचवीस रुपये जास्त पडले तरी ती काटकसर करायची जागा नाही.

मालकाला एक प्रश्न नक्की विचारा: "आदल्या रात्री ही गाडी आणि हा ड्रायव्हर कुठे असणार?" मे महिन्यात आणि लग्नाच्या दाट तिथींना गाडी पहाटे लांबच्या फेरीवरून येते, धुतली जाते आणि तशीच तुमच्या दारात उभी राहते. ड्रायव्हर तोच, डोळे लाल. असं उत्तर आलं तर तारीख किंवा गाडी बदला.

ड्रायव्हरचं जेवण गटाच्या आधी वाढायला सांगा, म्हणजे गट जेवत असताना त्याला अर्धा तास पाठ टेकता येते. वाटेत "जरा दाबा की" असं म्हणणाऱ्याला प्रमुखाने तिथेच थांबवावं. बसला ताशी ८० चा वेगनियंत्रक असतो, सरासरी पन्नासच्या आसपास पडते, आणि वेळापत्रक त्याच हिशोबाने करायचं. निपाणीच्या अलीकडच्या तवंदी घाटात उतारावर मोठे अपघात झालेले आहेत. तिथे गाणी-अंताक्षरीचा गोंगाट थोडा वेळ बंद ठेवा.

कोणता दिवस

मंगळवार आणि शुक्रवार देवीचे वार, रविवार सुट्टीचा. या तिन्ही दिवशी अंबाबाईची रांग लांबते. बुधवार किंवा गुरुवार जमत असेल तर उत्तम. रविवारशिवाय जमत नसेल तर पहाटे पाचला निघा. नवरात्र टाळा. नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला किरणोत्सवाचे, म्हणजे मावळतीची किरणं देवीवर पडण्याचे, दिवस असतात, तेव्हा संध्याकाळची गर्दी फार. जोतिबाला जायचं असेल तर चैत्र यात्रा आणि माघातले खेट्यांचे रविवार सोडून जा.

जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी रस्त्याची चौकशी करा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं आणि वाहतूक बंद झाली होती. कोल्हापूर जिल्ह्यात पंचगंगेची पातळी वाढल्याची बातमी असेल तर सहल पुढे ढकला, वाटेत बघू असं म्हणू नका. १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन एकाच दिवशी असतात तेव्हा, गाडी ठरवू नका. सीमेवर वातावरण तापलं की दोन्हीकडच्या बसफेऱ्या थांबतात, आणि अशा दिवसांत दुसऱ्या राज्याच्या पाटीची गाडी घेऊन फिरणं योग्य नाही.

चढायच्या जागा

दोन, फार तर तीन. प्रत्येक जादा जागेमागे पंधरा मिनिटं जातात. गाडी ज्या वाटेने हायवेला लागणार त्याच वाटेवरच्या जागा निवडा. अनगोळ, वडगाव, शहापूरच्या लोकांनी आरपीडी क्रॉस किंवा गोगटे सर्कलला यावं, शहरातल्यांनी चन्नम्मा सर्कलला, आणि तिथून केएलईच्या बाजूने बाहेर पडावं. आरपीडीला वेळ ५.४५ असेल तर लोकांना ५.३० सांगा आणि पुढच्या जागेची वेळ पाळायचीच आहे हेही सांगा. पहिल्या जागेवर कुणासाठी वीस मिनिटं थांबलात तर पुढच्या जागेवरची पंधरा माणसं थंडीत ताटकळतात.

खानापूरकरांनी वेगळी गाडी भरत असेल तर वेगळीच घ्यावी. बेळगावच्या गाडीला खानापूरला बोलावलं की जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर रिकामे भरावे लागतात. निपाणीहून कोल्हापूर जेमतेम चाळीस किलोमीटर आहे. तिकडच्या गटाने नाश्ता घरी करून साडेसातला निघालं तरी चालतं.

कोल्हापुरातला दिवस

सहाला बेळगाव सोडलं तर सव्वासात-साडेसातला संकेश्वरच्या पुढे चहा-नाश्ता. थांबा अर्ध्या तासाचा. हायवेच्या रुंदीकरणाची कामं चालू असतील तिथे गाडी सर्व्हिस रोडवर घ्यावी लागते, त्यासाठी पंधरा मिनिटं राखून ठेवा. पावणेनऊ-नऊला कोल्हापूर.

सगळ्यात आधी अंबाबाई. उन्हं चढायच्या आत, आणि लोक ताजेतवाने असताना. मोठी बस देवळापर्यंत जात नाही. दसरा चौकात किंवा पोलीस दाखवतील त्या पार्किंगला उभी करून पुढे चालावं लागतं. ज्यांना तेवढं चालवत नाही त्यांच्यासाठी उतरल्या उतरल्या दोन-तीन रिक्षा करा आणि त्यांच्यासोबत एक तरुण माणूस द्या. चपला बसमध्ये ठेवायचा मोह होतो, पण डांबर तापल्यावर परतताना पाय पोळतात. देवळाजवळच्या स्टँडवर आठ-दहा जणांच्या चपला एका पिशवीत घालून एकच टोकन घ्या. अंगभर कपडे घालूनच निघा.

माणसं हरवतात ती इथेच. देवळाला चार दरवाजे आहेत: पश्चिमेला महाद्वार, उत्तरेला घाटी दरवाजा, शिवाय पूर्वेचा आणि दक्षिणेचा. आत एका दरवाजाने जाऊन बाहेर दुसऱ्याने पडलं की नवख्याला दिशा कळत नाही, आणि फोनवर "मी देवळाच्या बाहेर आहे" एवढंच सांगतात. म्हणून जमायची जागा देवळाबाहेर ठेवा. शेजारचा भवानी मंडप त्यासाठी सोयीचा आहे: प्रशस्त, सावली असलेला, आणि कुणालाही विचारलं तरी दाखवतील असा. वेळ घड्याळातली सांगा, "दर्शन झालं की" असं नाही. खरेदी, म्हणजे चपला, साज, गूळ, ही त्याच परिसरात उरकायची. पुन्हा बाजारात बस येणार नाही.

सव्वाअकराला बस. मग न्यू पॅलेस. १८७७ ते १८८४ या काळात काळ्या दगडात बांधलेला हा राजवाडा मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्याचा. आतल्या शहाजी छत्रपती संग्रहालयात शस्त्रं, पोशाख, शिकारीतली जनावरं, दरबार हॉल असं बरंच आहे. बस उभी करायला इथे जागा मिळते. तिकीट एकाच माणसाने सगळ्यांचं काढावं, सुटे पैसे गोळा करत बसू नये. आत फोटोला मनाई असते हे बसमध्येच सांगून टाका. संग्रहालयाची सुट्टी आणि वेळ आदल्या दिवशी फोनवर विचारा, सोमवारी जाणार असाल तर नक्कीच. दीड तास ठेवा. भराभर बघणारे चाळीस मिनिटांत बाहेर येतात, त्यांच्यासाठी बाहेरच्या झाडाखाली पाण्याचा जार ठेवा.

जेवण सव्वा-दीडला. ४५ जणांना एका वेळी बसवणारी खानावळ आधीच ठरवा आणि मांसाहारी किती, शाकाहारी किती, उपवासाचे किती हा आकडा आदल्या संध्याकाळी कळवा. न कळवता गेलात तर तांबडा-पांढरा रस्सा मिळेल, पण भाकरी पुरणार नाहीत, आणि तासाचं जेवण पावणेदोन तासांवर जाईल. देवदर्शन आधी उरकल्यामुळे मांसाहारावर कुणाची हरकतही राहत नाही.

जेवणानंतर एक ड्रायव्हर असेल तर थेट बेळगाव. दोन असतील तर कणेरी मठ. गोकुळ शिरगावपासून आत, परतीच्या वाटेवरच असल्याने उलटा फेरा पडत नाही, म्हणून ते शेवटी ठेवायचं. तिथलं ग्रामजीवनाचं शिल्पप्रदर्शन मुलांना आणि म्हाताऱ्यांना सारखंच आवडतं: बलुतेदार, शेतं, बैल, विहिरी, सगळं माणसाएवढ्या आकारात. पण चालणं बरंच आहे. गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांना अर्ध्यावरून परत फिरता येतं का हे दारात विचारून घ्या. दीड तासाने निघालात तर सात-साडेसातला बेळगाव.

पन्हाळा आणि जोतिबा या दिवसात कोंबू नका. पन्हाळा शहरापासून वीस किलोमीटर, जोतिबाही तेवढ्याच अंतराच्या आसपास, आणि दोन्हीकडे घाट. तरुण गट असेल तर राजवाडा वगळून अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा असा स्वतंत्र दिवस करा. गडावर मोठी बस स्टँडच्या परिसरातच ठेवावी लागते. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना, सज्जाकोठी हे एकमेकांपासून चालत जाण्याचं काम आहे, त्याला अडीच तास लागतात. पावसाळ्यात वर धुकं उतरतं, म्हणून पाचच्या आत घाट उतरा.

पाणी, खाणं, औषध

४५ माणसांना दिवसाला दीड लिटर म्हणजे सत्तर लिटरच्या आसपास पाणी. वीस लिटरचे चार जार भरून घ्या आणि प्रत्येकाला स्वतःची बाटली आणायला सांगा. एप्रिल-मेमध्ये सहा जार.

यल्लम्माच्या यात्रेला जाताना भांडी, शेगडी, सिलिंडर सगळं गाडीत घालायची आपल्याकडे सवय आहे. बसमध्ये गॅस सिलिंडर, रॉकेल, पेट्रोलची बाटली नेऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. बंद एसी बसमध्ये गळती लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. घरून न्यायचं तर चपाती, भाकरी, शेंगाचटणी, दशम्या, चिवडा. भिजवलेल्या खोबऱ्याची चटणी आणि दहीभात उन्हाळ्यात नको.

गाडी लागणाऱ्यांना पुढच्या तीन रांगा द्या, त्या नावानिशी आधी ठरवा. मागच्या चाकाच्या मागे झोके जास्त बसतात. गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. उलटी झाल्यावर तिचा उपयोग नाही. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत असू द्या, डिकीतल्या बॅगेत नाही.

मोजणी

"सगळे आले का?" असं ओरडल्यावर "आले" असंच उत्तर येतं. त्याऐवजी आठ-दहा जणांचे गट करा आणि प्रत्येक गटाला एक प्रमुख द्या. शिवाय शेजारी बसणाऱ्याची जबाबदारी शेजाऱ्यावर टाका: आपला जोडीदार आला नसेल तर ओरडायचं. पाच प्रमुखांनी पाच आकडे सांगितले की बेरीज होते आणि बस हलते. चढल्यावर सगळ्यांना गाडीच्या नंबराचा फोटो काढायला लावा. पार्किंगमध्ये पांढऱ्या वीस बस उभ्या असतात, आणि ज्येष्ठ माणूस दुसऱ्याच गाडीत जाऊन बसल्याचं घडतं. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या खिशात नाव, प्रमुखाचा नंबर आणि गाडीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

कुणी आलं नाही तर सगळा गट खाली उतरवू नका. दोघांनी शोधायला जायचं, बाकी बसमध्ये. वीस मिनिटांत सापडलं नाही तर जवळच्या पोलिसांना सांगायचं. गाडी बंद पडली तर मात्र उलट: सगळ्यांना डाव्या बाजूने उतरवून रस्त्यापासून दूर, कठड्याच्या पलीकडे उभं करा. हायवेवर उभ्या बसला मागून धडक बसण्याचा धोका मोठा असतो. त्रिकोण मागे लावायला सांगा आणि मालकाला लगेच फोन करा. संकटात ११२ नंबर दोन्ही राज्यांत चालतो.

निपाणी, चिकोडी, खानापूरकडून बेळगाव बघायला येणाऱ्यांसाठी

वरचं सगळं लागू आहे, फक्त परमिटाची अडचण नाही. किल्ल्याच्या वेशीचं वळण अरुंद आहे, म्हणून मोठी बस बाहेर किल्ला तलावाच्या बाजूला ठेवून आत चालत जा. १२०४ मध्ये बांधलेली कमल बस्ती आणि रामकृष्ण मिशनचा आश्रम दोन्ही आतच आहेत. किल्ल्यात लष्कराचाही भाग आहे, त्यामुळे ओळखपत्र जवळ ठेवा आणि फोटो कुठे काढायचे ते विचारून काढा. कॅम्पातलं मिलिटरी महादेव बससाठी सोयीचं आहे. कपिलेश्वराजवळ बस थांबू शकत नाही, उतरवून पुढे न्यावी लागते. राजहंसगडावर जायचं तर मिनी बसच आणा, वरचा रस्ता अरुंद आहे. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं, त्या दिवसांत रस्ते वळवलेले असतात आणि मोठ्या गटाला जेवणाची जागा मिळत नाही.

उतरल्यावर

सकाळी निघताना किलोमीटरच्या काट्याचा फोटो काढलेला असावा, परतल्यावर दुसरा काढा. शेवटचा माणूस उतरल्यावर प्रमुखाने दिवा लावून मागच्या सीटपासून पुढे यावं, सीटखाली आणि वरच्या फळीवर हात फिरवत. चष्मे, कवळीच्या डब्या, प्रसादाच्या पिशव्या तिथेच राहतात. मग ठरलेली बाकी रक्कम मालकाच्या खात्यावर टाकायची, पावती घ्यायची, आणि दोन दिवसांत जमा-खर्च व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकून उरलेले पैसे माणशी परत करायचे.